सुखीबाईची भिंगरी

देवसिंगाची बायको सुखीबाई हिच्याइतकी आळशी बाई पुसद तालुक्यात दुसरी नाही, असं तिची सासू जमनाबाई सांगायची. जमनाबाई स्वतः बाजाराच्या पलीकडे तालुक्यात कुठे गेली नव्हती, पण त्यामुळे तिच्या मताचं वजन कमी होत नव्हतं. उलट बंजाऱ्यांच्या त्या तांड्यातल्या सगळ्या बाया माना हलवायच्या आणि आपापल्या सुनेकडे पाहून, आपलं नशीब त्या मानानं बरं आहे, असा सुस्कारा सोडायच्या. सुखीबाईचा एवढा तरी उपयोग होता.

आळशी म्हणजे काम न करणारी, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाकावा. काम न करणं हा फार दगदगीचा धंदा आहे. सासूचं ऐका, नवऱ्याचं तोंड पाहा, शेजारणींना कारणं सांगा. त्यापेक्षा काम उरकून मोकळं होणं सोपं, हे सुखीबाईला सासरी आल्यावर लवकरच समजलं होतं. फक्त तिचा सगळा जीव त्या मोकळं होण्यात होता. बाकीच्या बाया अंगणात बसून सुपानं तूर पाखडत, हात दुखले म्हणून कण्हत आणि त्या कण्हण्याचा मान मिळवत. सुखीबाई टोपलं घेऊन तांड्यामागच्या टेकाडावर जायची, वाऱ्याकडे पाठ करून उभी राहायची आणि टोपलं वाकडं धरायची. भुसा उडून जायचा, तूर खाली पडायची.

“वाऱ्याकून काम करून घेते,” जमनाबाई म्हणायची. “हिले लाज कशी वाटत नाई?”

असा वाचवलेला सगळा वेळ सुखीबाई दुपारी खर्च करायची. जेवणं झाली, भांडी पालथी पडली की घरामागच्या कडुनिंबाखाली ती आडवी व्हायची आणि आरशांची ओढणी तोंडावर घ्यायची. त्या वेळी तांड्याला आग लागली असती, तर तिनं आधी वारा कोणत्या बाजूचा आहे ते पाहिलं असतं आणि मगच उठायचं की नाही ते ठरवलं असतं.

सरकारनं जुने आणे मोडून नये पैसे काढले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. देवसिंगाची धाकटी बहीण लालीबाई हिचं लग्न ठरलं. मुलगा नेरकडच्या एका तांड्यातला, घरची पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची शेती, बैल चांगले. मुलगाही चांगला असावा. त्याच्याबद्दल कोणी फार चौकशी केली नाही. लग्न होळीनंतर, वैशाखात.

या तांड्याची एक रीत होती. नवरी निघायच्या आधी तिच्याबरोबर जाणाऱ्या गोधड्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात दोरीवर टाकायच्या आणि तांड्यातल्या बायांनी त्या पाहायच्या. पाहायच्या म्हणजे नावं ठेवायची. या कामाची मुख्य होती नायकाची बायको, नायकण बसंतीबाई. तिचे डोळे असे, की सैल पडलेला टाका तिला लांबून दिसायचा. जवळून दिसायचा की नाही, कोणाला माहीत नाही. लांबूनच ती एवढं बोलायची की जवळ जायची वेळच यायची नाही.

त्यातली भिंगरीची गोधडी म्हणजे नवरीच्या वहिनीची परीक्षा. जुन्या घागऱ्यांचे लाल आणि निळे तिकोनी तुकडे कापायचे, एका लाल तिकोनाला एक निळा जोडून चौकोन करायचा, आणि असे चार चौकोन जत्रेतल्या कागदी भिंगरीसारखे गरगरत बसतील असे एकमेकांना शिवायचे. ती झाली एक भिंगरी. अशा भिंगऱ्यांनी गोधडीचा सगळा वरचा पदर भरायचा. तिकोनाची तिरपी कड हातात धरली की ताणली जाते, ताणली की वाकडी होते, वाकडी झाली की उसवा. बसंतीबाईचा नियम होता, की चांगल्या घरची बाई दिवसाला एकच भिंगरी शिवते. जी दोन शिवते तिनं एक तर स्वैपाक केलेला नसतो, नाहीतर ती खोटं बोलत असते.

जमनाबाईनं दिवाळीतच चिंध्यांचं गाठोडं सुनेच्या पुढ्यात टाकलं.

“लालीसाठी भिंगरी. आजपासून धर.”

“धरते ना याडी,” सासूला आई म्हणायच्या रीतीनं सुखीबाई म्हणाली आणि तिनं गाठोडं खरोखरच धरलं.

कापूस वेचून झाला. तूर निघाली. जमनाबाई दोन-चार दिवसांआड विचारायची, “गोधडी कुठवर आली?” आणि सुखीबाई म्हणायची, “चालू हाय.” शिमग्यात तांडा नाचून गाऊन दमला, होळीची राख उडून गेली, तरी गोधडी चालूच होती. शेवटी एका दुपारी जमनाबाईला शंका आली. ती कडुनिंबाखाली गेली. सुखीबाईच्या डोक्याखाली गाठोडं होतं. सासूनं ते ओढून काढलं, तेव्हा सुनेचं डोकं जमिनीला लागलं, आणि गाठोडं सोडलं तेव्हा त्यातून एक लाल तिकोन निघाला. एकटाच.

त्यानंतर जमनाबाई जे बोलली ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. ऐकायला अर्धा तांडा जमला होता, त्यांनी ते पुढे नीट सांभाळून ठेवलं. शेवट असा झाला, की गोधडी पुरी होईपर्यंत सुखीबाईनं ओट्यावर, सासूच्या नजरेसमोर बसायचं, आणि दुपारची झोप बंद.

आता मात्र सुखीबाईचा इलाज नव्हता. ती कापायला बसली. पण तिकोन कापायचे म्हणजे कात्री चालवायची, मग ते लावायचे, मग जोडायचे. तिनं नुसते चौकोनच फाडले. फाडायला कात्री लागत नाही. एक निळा चौकोन एका लाल चौकोनावर तोंडाला तोंड लावून ठेवला आणि आधी तिरप्या रेघेवर शिवून टाकू, कापायचं मागून पाहू, असं ठरवलं. म्हणजे काहीच ठरवलं नाही. तंबाखूच्या चंचीतला चुना काडीला लावून कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली आणि रेघेच्या कडेकडेनं धावदोरा घालायला घेतला. दुपारची वेळ. जेवण झालेलं. हात सवयीनं चालत होता आणि डोळे त्यांच्या सवयीनं मिटत होते. कोपऱ्याला पोचल्यावर तिनं कापड फिरवलं आणि डुलकीतच रेघेच्या दुसऱ्या बाजूनं पुन्हा शिवत आली.

जाग आली तेव्हा तिनं हातातलं पाहिलं. रेघेच्या अलीकडे टाके, पलीकडे टाके. दोन्ही चौकोन एकमेकांना असे घट्ट शिवलेले, की त्याचा रुमालही होईना. उसवायचं म्हणजे पुन्हा काम. समोर सासू जात्यावर बसलेली. सुखीबाईनं रागानं कात्री उचलली आणि दोन्ही शिवणींच्या मधून, चुन्याच्या रेघेवरून, कचकन कापून टाकलं. म्हटलं, निदान चुकीचे पुरावे तरी वेगवेगळे होतील.

तुकडे उघडले, तर दोन चौकोन. प्रत्येक अर्धा लाल, अर्धा निळा. मधली शिवण सरळ. कुठे ताणलेलं नाही, कुठे वाकडं नाही.

दुसरी एखादी बाई ओरडली असती, उठून नाचली असती. सुखीबाईनं तसं काही केलं नाही, कारण नाचायला उठावं लागतं. तिनं ते दोन तुकडे मांडीवर ठेवले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं आणखी दोन चौकोन घेतले, रेघ ओढली, आता जागेपणी अल्याड-पल्याड शिवलं, कापलं, उघडलं. पुन्हा दोन. तिच्या छातीत धडधडायला लागलं. एवढं तिला लग्नात फेरे घेतानाही झालं नव्हतं. दोऱ्याची गाठ मारून तोडायलाही कशाला वेळ घालवायचा, म्हणून तिनं एकामागून एक जोड्या त्याच दोऱ्यात ओवून शिवल्या, आणि तोरणासारखी ती माळ ओट्यावरून खाली लोंबायला लागली.

लाली पाणी घेऊन आली ती थबकली. “भाभी, हे काय करून राह्यली?”

“झोपाची तयारी,” सुखीबाई म्हणाली.

ज्या कामाला जमनाबाईनं अख्खा हिवाळा दिला होता, ते चैत्र उतरायच्या आत झालं. वरचा पदर तयार झाला, खाली जुन्या धोतरांचं अस्तर लागलं, आणि सगळीकडून धावदोरे घालायला लाली आणि जमनाबाईही बसल्या. गोधडी घडी करून ठेवली त्या दिवशी सुखीबाई पुन्हा कडुनिंबाखाली दिसली.

आता खरं म्हणजे सासूला आनंद व्हायला पाहिजे होता. पण आयुष्यभर ज्या सुनेला आळशी म्हटलं तिनं वेळेआधी काम पुरं करावं, हा जमनाबाईचा सरळ सरळ अपमान होता. ओट्यावरची शिवण स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही तिनं शेजारी जाऊन विचार बोलून दाखवला, की गोधडी हिनं शिवलीच नसावी. मग कोणी शिवली? तांडा विचार करायला लागला, आणि तांड्यानं एकदा विचार करायला घेतलं की तो अर्धवट सोडत नाही. कोणी म्हणे पुसदच्या शिंप्याकडून आणली. कोणी म्हणे माहेराहून आली. शेवटी सगळ्यात पटलेली गोष्ट अशी, की देवसिंगच दार लावून शिवतो.

देवसिंग हा धिप्पाड माणूस. दोन बैलांना एकटा आवरणारा. त्याला पारावर कोणीतरी गंभीरपणे विचारलं, “सुई बारीक वापरतोस का जाड?” तो तसाच घरी आला.

“सुखी,” तो म्हणाला, “उद्या साऱ्या बायायसमोर शिवून दाखव. नाईतर मी तांडा सोडून जातो.”

“कायले चिडता? म्हणू द्या ना.”

“तुले काय जाते म्हणू द्यायले! माह्याकडे एक जण घागरा घेऊन आला, आल्टर करायले!”

म्हणून नायकाच्या अंगणात बाया जमल्या. बसंतीबाई मधोमध बाजेवर बसली. सुखीबाईनं लालवर निळा ठेवला, चुन्याची रेघ ओढली, दोन्हीकडून शिवलं. तोवर सगळं शांत होतं. मग तिनं कात्री उचलून मधून कापलं, आणि अंगणातून असा आवाज निघाला जसं काही तिनं बकरंच कापलं.

“शिवलेलं कापलं!” बसंतीबाई बाजेवरून उठलीच. “जोडलेलं तोडलं! आन् हे लग्नात देणार? पोरीचा संसार काय मधातून कापायचा हाय?”

“याडी, कापलं तरी जोडलेलंच हाय ना,” सुखीबाईनं तुकडा उघडून दाखवला.

“मले शिकवू नको. माह्या आजीनं अशी गोधडी पाह्यली असती तं चुलीत टाकली असती.”

ती नायकणीची आजी या तांड्यातल्या सगळ्या भांडणांत शेवटचा शब्द बोलायची. ती केव्हाच मेलेली असल्यामुळे तिला उलट विचारायची सोय नव्हती. बसंतीबाईनं लालीच्या गोधडीची एक शिवण दोन्ही हातांनी धरून ओढली. शिवण सुटली नाही. तिनं अजून जोर लावला. शिवण तशीच. मग ती म्हणाली, की शिवण सुटत नाही हीच वाईट खूण आहे, आणि उठून आत गेली. पद्धत बंद झाली. कोणी तशी गोधडी शिवायची नाही, असं ठरलं.

लालीचं लग्न लागलं, गोधडी तिच्याबरोबर नेरकडे गेली, आणि संसार मधातून कापला गेल्याची बातमी काही आली नाही. आली ती अशी, की लालीच्या सासूला गोधडी आवडली आहे आणि तशीच आणखी एक मिळेल का.

इकडे बंदीचा परिणाम व्हायचा तो झाला. पहिल्याच आठवड्यात एक शेजारीण पदराखाली चिंध्या लपवून आली. केव्हा? तर दुपारी, सगळे झोपलेले असताना, म्हणजे कोणाला कळणार नाही. सुखीबाईला हलवून तिनं उठवलं. “मले शिवायचं नाई हां, नुसतं पाहाचं हाय.” दुसऱ्या दिवशी आणखी एक आली, तिलाही नुसतं पाहायचं होतं. मग दोघी-तिघी एकदम यायला लागल्या आणि कडुनिंबाखाली एकमेकींना पाहून, आपण शेळी शोधत आलो असं सांगायला लागल्या. तांड्यात तेवढ्या शेळ्या नव्हत्या. शेवटी नायकणीचा निरोप आला, की आपण नक्की कशाला बंदी घातली ते बसंतीबाईंना एकदा नीट समजून घ्यायचं आहे, तरी दुपारी येऊन जावं.

सुखीबाई गेली. दाखवलं. परत आली तोवर ऊन कलून गेलं होतं.

तरी इथपर्यंत ठीक होतं. आषाढात ग्रामसेविका आली. विमलताई तिचं नाव. पांढरं पातळ, सायकल, आणि डोक्यात देशाची प्रगती. तांड्यात महिला मंडळ काढायचं होतं. आधी तिनं बायांना बिनधुराची चूल दाखवली होती, ती सगळ्यांना आवडली होती आणि कोणीही बांधली नव्हती. आता तिच्या वरच्या साहेबांना काहीतरी चाललेलं पाहायचं होतं. तिनं एका घरी भिंगरीची गोधडी पाहिली, विचारलं, आणि घरमालकिणीनं शेळी शोधायला गेले होते असं सांगत सांगत सगळं सांगून टाकलं.

विमलताई धावतच कडुनिंबाखाली आल्या. “सुखीबाई! उठा, उठा! अहो तुम्ही केवढा मोठा शोध लावला आहे! श्रम वाचतात, वेळ वाचतो!”

“हो ना,” सुखीबाई डोळे चोळत म्हणाली. “तो वाचलेलाच वेळ होता हा.”

विमलताई खूप हसल्या. काय बोललं गेलं ते त्यांना समजलं नाही. “हे सगळ्या बायकांना शिकवायला पाहिजे. आपण वर्ग काढू. शिक्षिका तुम्हीच. दुपारी तुम्हाला मोकळा वेळ असतोच, नाही का?”

सुखीबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात जमनाबाई पुढे झाली. “असते ना! माह्या सुनेले वेळच वेळ हाय. पहिल्यापासून लय डोक्याची हाय ती. मी तं सगळ्यायले सांगतच होती.”

आणि वर्ग सुरू झाला. रोज दुपारी, देवळापुढच्या ओट्यावर. सरकारी वर्ग म्हटल्यावर बंदी आपोआप विरघळली. बाया यायच्या, बसायच्या, एक टाका घालून दोन गोष्टी बोलायच्या आणि काही चुकलं की तुकडा सुखीबाईच्या मांडीवर टाकायच्या. “तुह्या हातानं लवकर होते, करून दे ना व.” झटपट करणारीला लोक विश्रांती देत नाहीत, आणखी काम देतात, हे तिला तेव्हा नीट कळलं. लालीच्या सासूची गोधडी राहिली होतीच. त्यात जीपमधून साहेब आले. त्यांच्यासमोर तिला हार घातला, आणि कापड, कात्री, चुना घेऊन उभ्यानं दाखवायला लावलं. साहेबांनी विचारलं, यात किती वेळ वाचतो? सुखीबाईला रडू आलं. साहेबांना वाटलं, कौतुकानं बाई गहिवरली. त्यांनी दुसऱ्या तांड्यांतही वर्ग घ्यायची सूचना केली.

पोळ्यापर्यंत तिच्या डोळ्यांखाली काळं आलं. भाकरी थापता थापता ती पेंगायची. एकदा चुलीजवळ ओढणीचा काठ जळला तरी तिला कळलं नाही, देवसिंगानं विझवला. तो घाबरला होता, पण घाबरलेला माणूस जसा बोलतो तसाच बोलला.

“तुले काय झालं व? साहेब लोक तुहं नाव घेते. आता तं तुले मान भेटून राह्यला.”

“मान कायले पाह्यजे मले?” सुखीबाई म्हणाली. “मान टेकाले जागा पाह्यजे.”

आणि ती खरंच रडली. चुलीपुढे बसून, धूर लागल्याचं निमित्तही न करता.  देवसिंग बाजूला बसून उरलेल्या भाकरी थापायला लागला. त्या वाकड्या झाल्या. गोधड्या हा शिवत नसावा, अशी कोणाचीही खात्री पटली असती.

त्या भाकऱ्यांकडे पाहता पाहता सुखीबाईनं विचार केला. या सगळ्या भानगडीत दुःखी माणसं दोन आहेत. एक आपण, जिला मधोमध बसायचं नाही. आणि दुसरी बसंतीबाई, जिला मधोमधच बसायचं आहे आणि जी ओट्याच्या कडेला बसून नुसती खोकते आहे. साहेब आले तेव्हा हार सुनेच्या वयाच्या बाईला घातला गेला आणि नायकणीला पाणी आणायला सांगितलं गेलं, हे काही ती विसरलेली नव्हती. तेव्हापासून ती वर्गात येऊन प्रत्येकीचा टाका सैल आहे म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुखीबाई नायकाच्या घरी गेली आणि बसंतीबाईच्या पाया पडली.

“काय पाह्यजे?” बसंतीबाईनं विचारलं. तिला पाया पडणाऱ्यांचा अनुभव होता.

“काई नाई याडी. माफी मांगाले आली. साहेबायसमोर मी बोललीच नाई, का हे मी तुमच्याजवळूनच शिकली.”

“माह्याजवळून?”

“तुम्ही म्हटलं नोतं का मांगच्या साली, का तुमची आजी लदेणीवर, बैलायवर माल लादून गावोगाव जाता जाता, बैल उभे असतानी घाईघाईत भिंगरी शिवायची म्हणून? तथून मले सुचलं.”

बसंतीबाई असं कधीच म्हणाली नव्हती. तिनं सुखीबाईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. सुखीबाईचं तोंड झोपेअभावी इतकं सुजलं होतं, की त्यावर काही वाचता येत नव्हतं.

“म्हटलं असन,” बसंतीबाई सावकाश म्हणाली.

त्या दिवशी दुपारी तिला एवढंच आठवत होतं, की आजी घाईघाईत शिवायची. दुसऱ्या दिवशी चुनाही आठवला. आठवड्याच्या शेवटी आजी बैलाच्या पाठीवरच्या गोणीवर बसून, चालत्या तांड्यात, एका हातानं कासरा धरून भिंगऱ्या कापत होती आणि वाटेतले राजे त्या पाहायला थांबत होते. विमलताईंना हे फारच आवडलं. नवा शोध चांगलाच असतो, पण परंपरा निघाली तर साहेबांना आणखी बरं वाटतं. त्यांनी बसंतीबाईला वर्गाच्या मधोमध बसवलं. शिवलेलं कापणं अशुभ असल्याची कोणी आठवण करून दिली, तेव्हा बसंतीबाई म्हणाली, असं म्हणणारीनं माझ्या आजीशी बोलावं.

सुखीबाई घरी आली, कडुनिंबाखाली आडवी झाली आणि उठली ती दिवेलागणीला. जमनाबाईनं पुन्हा तिला आळशी म्हणायला सुरुवात केली. सासूलाही बरं वाटलं. सुनेचं कौतुक करून करून तिचा जीव शिणला होता.

दिवाळीला लाली माहेरी आली. आल्या आल्या तिच्या कानावर ती आजीची गोष्ट पडली आणि ती तडक वहिनीपुढे येऊन उभी राहिली.

“भाभी, मी सासरी साऱ्यायले सांगतलं का माह्या भाभीनं हे काढलं. आन् इथी ते नायकणीचं झालं! तू बोलत काहून नाई?”

“बोलून काय करू? मंग पुन्हा मलेच बसा लागते.”

“तुले वाईट नाई वाटत?”

 सुखीबाईला वाटलं होतं, वाईट वाटणारच नाही. पण परवाच ओट्यावरून जाताना तिनं ऐकलं होतं, बसंतीबाई आधी कापा आणि मग दोन्हीकडून शिवा असं सांगत होती, आणि बाया माना डोलावत चिंध्यांचा सत्यानाश करत होत्या. सुखीबाईचे पाय तिथेच थांबले होते. ती पुढे निघाली, पण नंतर कडुनिंबाखाली तिला झोप आली नाही. असं आधी कधी झालं नव्हतं.

“थोडं वाटते,” ती म्हणाली. “पोटात मुंगी फिरल्यासारखं.”

लाली तिच्याजवळ बसली आणि दोघींनी एका ताटात भात खाल्ला. 

त्या मुंगीपायी सुखीबाईनं एक काम केलं. सकाळी विस्तव मागायच्या निमित्तानं ती नायकणीकडे जायला लागली. घरी स्वतःची चूल पेटलेली असताना. बसंतीबाईनं एकदाही विचारलं नाही, की विस्तव रोज कसा विझतो. ती सहज म्हणायची, “आज बायायले काय सांगू म्हणते मी,” आणि सुखीबाई सहज एखादा तुकडा शिवून दाखवायची. चौकोन उलटा लागला तर भिंगरी कशी फिरायची थांबते तेही. मग दोघी चहा प्यायच्या. बसंतीबाई तिला आळशी म्हणायची, आजकालच्या सुनांना नावं ठेवायची, आणि तिच्या कपात गूळ जरा जास्त टाकायची. असं वर्षानुवर्षं चाललं. महाराष्ट्र झाला, विमलताईंची बदली झाली, नव्या ताई आल्या, त्यांच्याही डोक्यात देशाची प्रगती होती. वर्ग चालूच राहिला.

पुढे एकदा यवतमाळला प्रदर्शन भरलं. बसंतीबाईला बोलावणं आलं. गोधड्यांचं गाठोडं उचलायला कोणीतरी पाहिजे म्हणून तिनं सुखीबाईला बरोबर घेतलं. बाया सुखीबाईला म्हणाल्या, तुझी गोधडी आणि तूच हमाल? सुखीबाई म्हणाली, मोटारीत बसून झोपायला मिळतं.

प्रदर्शनात बसंतीबाईला शाल दिली. तिनं भोंग्यापुढे उभं राहून आजीची गोष्ट सांगितली. या वेळी आजीनं वाटेत वाघालाही पळवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुखीबाईनंही वाजवल्या, वाघ तिला आवडला होता.

परतीच्या मोटारीत गर्दी होती. दोघींना मागच्या बाकावर जागा मिळाली. आर्णी मागे पडली तशी सुखीबाई खिडकीला डोकं टेकून बसली. बसंतीबाईनं शाल काढून मांडीवर घेतली, तिची घडी केली, मोडली, पुन्हा केली. आता तिचे केस सगळे पांढरे झाले होते.

“सुखी.”

“हं.”

“जागी हायेस का?”

“थोडी.”

मोटार खड्ड्यातून गेली. बसंतीबाईनं पुढच्या बाकाची दांडी धरली आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “माह्या आजीले शिवताच येत नोतं. एक टाका नाई. सुई पाह्यली का तिच्या हाताले कापरं भरे. तिचे घागरे शेजारणी शिवून देत.”

सुखीबाईनं डोळे उघडले नाहीत.

“मंग आजी लय हुशार असन,” ती म्हणाली.

 बसंतीबाईचे खांदे हलायला लागले, आणि मग ती इतकी मोठ्यानं हसली, की पुढचे लोक वळून पाहायला लागले आणि कंडक्टरनं विचारलं, म्हातारीला काही होतंय का. तिनं हातानंच नाही म्हटलं. डोळे पुसले. शाल अर्धी सुखीबाईच्या अंगावर टाकली आणि दिग्रसला चहासाठी मोटार थांबेल तेव्हा उठवायचं की नाही, ते तिला विचारून घेतलं.

“नका उठवू,” सुखीबाई म्हणाली.